हेडलाइनमध्ये 'इंडिया विन सिरीज' का लिहितात, 'वन' किंवा 'विन्स' का नाही?

म्हणजे तुमचं म्हणणं असं की मॅच तर काल संपली, मग 'वन' पाहिजे, आणि वर्तमानकाळच वापरायचा तर इंडिया एकच, मग 'विन्स' पाहिजे, हे 'विन' मधेच कुठून आलं. मी पण बरीच वर्षं ही छपाईची चूक समजायचो 😄 पण यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीये.

काळाचं सोपं आहे. नुकतंच घडलेलं हेडलाइनमध्ये साध्या वर्तमानकाळात लिहायची रीतच आहे, बातमी ताजी वाटते. माणूस जाऊन दोन दिवस झाले तरी 'डाइज'च. आणि नुसतं 'टू' दिसलं, 'इंडिया टू टूर इंग्लंड', तर ते अजून व्हायचंय. खाली बातमी सुरू झाली की मात्र गुपचूप भूतकाळ.

खरी गंमत त्या गायब झालेल्या 'एस'ची. ब्रिटिश इंग्लिशमध्ये टीम म्हणजे ते अकरा जण, म्हणून अनेकवचन, 'इंग्लंड हॅव वन', 'इंडिया आर ऑल आउट', भारतातले इंग्लिश पेपरपण खेळाच्या पानावर बहुतेक हेच चालवतात. पण त्याच पेपरच्या पहिल्या पानावर 'इंडिया साइन्स डील' असतं, कारण तिथे इंडिया म्हणजे देश, तिथे 'एस' परत आला. अमेरिकेत उलट, शहराचं नाव घेतलं की एकवचन, 'बोस्टन विन्स', पण न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचं नावच अनेकवचनी, म्हणून 'यँकीज विन', आणि बास्केटबॉलची टीम 'मायामी हीट' तर दिसायला एकवचनी तरी त्याला 'आर' लावतात, आता काय बोलणार. माणूस एकटा असेल तर कुठेच वाद नाही, 1948 ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 'शिकागो डेली ट्रिब्यून' या पेपरने निकाल पूर्ण यायच्या आधीच 'ड्यूई डिफीट्स ट्रूमन' छापलं, निवडून आला ट्रूमन, पण 'एस' बरोबर जागेवर होता.

सगळ्यात फसवं क्रियापद म्हणजे 'बीट', कारण त्याचं वर्तमान आणि भूतकाळाचं स्पेलिंग सेम. 'इंडिया बीट ऑस्ट्रेलिया' हे हेडलाइनमध्ये असेल तर वर्तमानकाळ, आणि खाली 'ऑन संडे' लावून तेच वाक्य आलं की भूतकाळ. खात्री करायची तर हरल्याच्या दिवशीचा पेपर बघा, हेडलाइनला 'इंडिया लूज' असेल, 'लॉस्ट' नाही.

परीक्षेत 'इंडिया हॅव वन' लिहायच्या आधी मात्र तुमच्या सरांना एकदा विचारून घ्या, बरेच जण त्यावर सरळ लाल गोल करतात.