बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड कोळशाच्या फिल्टरने जाईल का?

नाही जाणार. कोळसा कितीही भारी घ्या, थर कितीही जाड करा.

तुम्ही लिहिलंय की देगलूर तालुक्यात शेतातल्या घरी बोअर आहे, रिपोर्टात फ्लोराइड लिटरला 3 मिलिग्रॅम आलंय, आणि गावात आलेल्या फिल्टरवाल्याने शाई टाकलेलं पाणी कोळशातून काढून नितळ करून दाखवलं. मी याच भागात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. शाईचा तो प्रयोग मीही वर्गात करून दाखवतो. ग्लासात निळ्या शाईचे चार थेंब, वर चमचाभर सक्रिय कोळशाची पूड, थोडं हलवायचं आणि फिल्टर पेपरमधून गाळायचं. खाली येणारं पाणी काचेसारखं असतं. प्रयोग खराच आहे, पण त्याचा फ्लोराइडशी काडीचाही संबंध नाही. शाई डोळ्यांना दिसते, फ्लोराइड दिसत नाही, आणि फिल्टरवाल्याचा धंदा नेमका त्या फटीत चालतो. (दोन सळया बुडवून पाणी तांबडं-काळं करून दाखवणारेही येतात. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो.)

कोळसा काम कसं करतो? तो चाळणीसारखा गाळत नाही. त्याच्या आत इतकी बारीक छिद्रं असतात की चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान. पाण्यातले रेणू त्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात, यालाच अधिशोषण म्हणतात. पण कोण चिकटणार ते पृष्ठभागाच्या स्वभावावर ठरतं. कोळशाला सेंद्रिय रेणू आवडतात: रंग, वास, बरीचशी कीटकनाशकं. क्लोरीनही तो घालवतो. फ्लोराइडचा आयन मात्र पाण्याच्या रेणूंनी चहूबाजूंनी घट्ट वेढलेला असतो, तो पाणी सोडून कोळशाकडे जायला तयार नसतो. नायट्रेट आणि पाण्याचा जडपणा यांचंही तेच. चुलीतला कोळसा तर विसराच, त्यात ही छिद्रं फारशी उघडलेलीच नसतात.

म्हणून ज्याला जे धरायचं त्याला तसा पदार्थ लागतो. तेलाच्या रिफायनरीत तेलाचा रंग काढायला कोळसा कमी आणि ब्लीचिंग अर्थ नावाची खास माती जास्त वापरतात. फ्लोराइडसाठी चालतो तो ॲक्टिव्हेटेड अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे खडबडीत दाणे. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, त्यांच्या जागी फ्लोराइड जाऊन बसतं. हाडांचा कोळसाही फ्लोराइड धरतो, पण तो त्यातल्या कार्बनमुळे नव्हे, हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटमुळे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याला तो कुणी लावणार नाही, त्यामुळे तो विषय सोडून देऊ.

आता अल्युमिनाची अडचण. तो सर्वांत जास्त काम करतो 5.5 च्या आसपासच्या पीएचला, म्हणजे किंचित आम्लधर्मी पाण्यात, आणि फ्लोराइडचं पाणी बहुधा अल्कधर्मीच असतं. मराठवाडा बहुतेक काळ्या बेसाल्टचा, पण देगलूर, बिलोली, किनवट या पट्ट्यात ग्रॅनाइट आणि नीस खडक वर येतात. त्यातल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं, आणि पाण्यात बायकार्बोनेट जास्त व कॅल्शियम कमी असेल तर ते विरघळलेलंच राहतं. अशा पाण्यात अल्युमिनाची ताकद घटते. घरगुती वापरात एक किलो अल्युमिना साधारण एक ग्रॅम फ्लोराइड धरेल असं समजून चाला.

तुमचा हिशेब मांडतो. भारतीय मानक 10500 प्रमाणे मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत सवलत. तुम्हाला 3 चं 1 करायचंय, म्हणजे दर लिटरमागे 2 मिलिग्रॅम काढायचं. एक किलो अल्युमिना 500 लिटरला पुरेल, चार किलो 2,000 लिटरला. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज 25 लिटर धरलं तर 80 दिवस. अंघोळ, धुणं, गुरं यांच्या पाण्यात अल्युमिना वाया घालवू नका.

या 80 दिवसांत एक गोष्ट फसवते. अल्युमिना भरलेल्या नळकांड्यात वरून पाणी सोडलं की आधी वरचा थर भरतो, मग त्याच्या खालचा. खालचा थर रिकामा असेपर्यंत बाहेर येणारं पाणी चांगलंच असतं, आणि तो भरत आला की फ्लोराइड पटकन चढतं. चवीवरून काही कळत नाही. म्हणून किती पाणी काढलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडत जा आणि हिशेबाची मुदत संपायच्या आधी बाहेरचं पाणी तपासा. तपासणी संचात फ्लोराइड कमी असेल तर रंग गुलाबीसर राहतो, वाढेल तसा पिवळा पडतो. पक्का आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, तो काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत. पाणी भर्रकन सोडू नका, तोटी बारीक ठेवा.

भरलेला अल्युमिना कॉस्टिक सोड्याने धुऊन, मग सौम्य आम्लाने ताळ्यावर आणून पुन्हा वापरता येतो. घरी ते करू नका. सोडा हात भाजतो, आणि त्या धुवणात सगळं फ्लोराइड गोळा झालेलं असतं, ते विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतलं तर केलेलं सगळं पाण्यात. पुरवणाऱ्याला दाणे बदलून द्यायला सांगा.

बाकीच्या उपायांत पाणी उकळू नका, त्याने वाफ जाते आणि फ्लोराइड मागे राहून उलट दाट होतं. माठात तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, एवढंच. तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली आहे आणि ती चालते, पण मात्रा क्षारतेवर ठरते, रोज ढवळून निवळू द्यावं लागतं, आणि मात्रा चुकली तर पाण्यात अल्युमिनियम उरतं. आरओने फ्लोराइड जातं खरं, पण घरगुती मशीन बरंच पाणी नाल्यात सोडतं, आणि मे महिन्यात आपल्याला ते परवडत नाही.

माझं मत विचाराल तर आधी पत्र्याचं पाणी अडवा. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. 50 चौरस मीटर पत्र्यावर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 35,000 लिटर होतात, आणि तुमची पिण्याची वर्षाची गरज 9,000 च्या थोडी वर आहे. सगळं वर्ष भागलं नाही तरी बोअरचं पाणी आणि पावसाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की 3 चं 1.5 होतं, आणि त्यानंतर अल्युमिनावर काम उरतं फक्त अर्ध्या मिलिग्रॅमचं. तोच चार किलोचा डबा मग हिशेबाने चौपट पाणी देईल. फ्लोराइड कमी झालं की दाणेही थोडं कमीच धरतात, म्हणून तिपटीवरच भरवसा ठेवा.

घरात आठ वर्षांच्या आतली मुलं असतील तर त्यांचं पिण्याचं पाणी आजपासूनच वेगळं करा. दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग दात हिरडीत तयार होत असतानाच पडतात आणि नंतर पाणी बदलून जात नाहीत. रिपोर्टात पीएच आणि क्षारता किती आली ते खाली लिहा, म्हणजे अल्युमिना खरंच किती लागेल याचा नेमका हिशेब करून देतो.