मावळलेली भीती परत का येते?

प्रश्न : लहानपणी मला कुत्रा चावला होता. आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांची हळूहळू सवय करून घेतल्यावर ती भीती गेली असे वाटत होते. पण परगावी एक अनोळखी कुत्रा भुंकत अंगावर आला आणि पूर्वीसारखीच छाती धडधडू लागली. मेंदू एकदा शिकलेली भीती विसरत नाही का?

उत्तर : सहसा विसरत नाही, तो तिला आवरायला शिकतो. उंदराला विशिष्ट आवाज ऐकवून लगोलग पायांना विजेचा सौम्य झटका दिला, तर असे काही वेळा झाल्यावर नुसत्या आवाजानेही तो जागच्या जागी थिजतो, कारण आवाज आणि झटका यांची सांगड कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डला या मेंदूच्या भागात पक्की झालेली असते. तेथून सुटणाऱ्या संदेशांमुळे हृदयाचे ठोके बदलतात, ॲड्रेनॅलिन स्रवते, हालचाल थांबते. पुढे झटका न देता तोच आवाज वारंवार ऐकवला की थिजणे कमी होत जाते आणि भीती पुसली गेली असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच उंदराला वेगळ्या पिंजऱ्यात नेऊन तो आवाज ऐकवला, किंवा मध्ये बरेच दिवस जाऊ दिले, तर तो पुन्हा थिजतो. म्हणजे जुनी सांगड शाबूत असते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सने ‘आता धोका नाही’ हे नव्याने शिकून अमिग्डलाला लगाम घातलेला असतो आणि हे शिकणे कोणत्या जागी घडले, ते हिप्पोकॅम्पस या मेंदूच्याच आणखी एका भागाच्या मदतीने लक्षात राहते. भीती परगावीही सोबत येते, निर्धास्तपणा मात्र बराचसा शिकल्या जागीच राहतो. आपल्या बाबतीत तो सोसायटीच्या फाटकाशी थांबला, असे दिसते.

अमिग्डलाला सरसकट ‘भीतीचे केंद्र’ म्हणणे मात्र मला पटत नाही. दुर्मीळ आजाराने दोन्ही बाजूंचे अमिग्डला नष्ट झालेली एक अमेरिकन महिला सापांनाही भीत नसे; तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगताच ती जीव गुदमरून घाबरीघुबरी झाली.

अशा भीतीवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ सराव एकाच ठिकाणी न ठेवता निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या कुत्र्यांसमोर करवून घेतात, ते यासाठीच. आपणही तसे करून पाहावे, परंतु लस टोचलेल्या पाळीव कुत्र्यांबरोबर आणि मालकांच्या देखत; रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यापासून चार पावले दूर राहण्यात, रेबीजचा विचार करता, काहीच गैर नाही.