मृगातला तेजोमेघ पांढराफटक का येतो?

प्रश्न : सर, सातपुड्यातल्या पाल गावाजवळून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे (चमकत्या वायूच्या ढगाचे) ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारे उपकरण, लावून ३० सेकंदांचे फोटो काढले. ते स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचून एकच चित्र केल्यावर, कडा छान उमटल्या, गाभा मात्र पांढराफटक. काय करू?
– एक वाचक, रावेर

उत्तर : गाभ्यातले चार तारे एवढे प्रखर, की ३० सेकंदांत तिथले पिक्सेल काठोकाठ भरतात. मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट करा, गेलेला तपशील येत नाही. त्याच रात्री ५ सेकंदांचेही फोटो घ्या, वेगळे स्टॅक करा आणि लेयर मास्कने (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या सोयीने) फक्त गाभा त्यातला बसवा. डार्क फ्रेम्स (सेन्सरचे स्वतःचे ठिपके वजा करण्यासाठीचे काळे फोटो) तिथेच, त्याच थंडीत, झाकण लावून काढा. घरी रजईत बसून नकोत. सातपुड्यातली जानेवारीची थंडी सेन्सरला मानवते, आपल्याला नाही! लाल रंग फिका आला तर सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ताणू नका. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टरच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो.