शुगरची जखम भरायला स्टेम सेल करावं का?

तुम्ही विचारलंय, वडिलांच्या तळपायाची शुगरची जखम आठ महिने भरत नाही, नागपुरात स्टेम सेल (मूळ पेशी टोचायचा उपचार) सांगितलंय, करावं का आणि खर्च किती. आमचे सत्तर हजार गेले, बैलजोडी विकून. तुम्ही पैसे मोजण्याआधी एवढंच विचारा, पेशी काढणार कुठून?

आम्ही विचारलं नव्हतं. बाबांच्या अंगठ्याखाली पऱ्हाटीचं धसकट रुतलं होतं. पाय बधिर, त्यांना पत्ताच नाही. चप्पल रक्तानं भरलेली मायनं पाहिली. दादानं परस्पर नागपूर गाठलं. तिथं हातातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि जखमेभोवती टोचलं. असं तीनदा. मी तालुक्याला लॅबमध्ये काम करते, रोज तेच मशीन फिरवते. ते पीआरपी होतं, बाबांच्याच प्लेटलेट्स. स्टेम सेल बहुधा अस्थिमज्जेतून, चरबीतून नाहीतर नाळेतून घेतात. दादाला म्हटलं तर म्हणे, "तू का नागपूरच्या डॉक्टरपेक्षा शायनी झाली का?"

दोन महिन्यांत जखम जिथल्या तिथं. भरणार कशी? इंजेक्शन घेऊन आल्यावर बाबा त्याच पायानं वावरात जात होते.

मग मी वर्ध्याला नेलं. डॉप्लरनं रक्तप्रवाह पाहिला, मेलेली कातडी काढली, पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घातलं, दर आठवड्याला बदललं. नऊ आठवड्यांत जखम बंद. नवीन काही नाही त्यात. बधिर पाय सडतो तो दुखणं कळत नाही म्हणून, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवलं होतं. दत्तपूर, आनंदवन, तपोवन ही कुष्ठरुग्णांची केंद्रं सगळी आपल्याच भागात, आणि आपण बैल विकतो.

खरी लढाई पुढं झाली. डॉक्टरांनी एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल दिली, कुष्ठरुग्णांना देतात तसली. बाबांनी ती ओळखली. "हे दत्तपूरवाल्यायची व्हय. मले का महारोग झाला?" चार दिवस बोलले नाहीत. चप्पल गोठ्यात पडून. शेवटी मायनं चांभाराकडून तिला वरून तपकिरी कातडी पट्टे लावून आणले, तेव्हा पायात गेली. अजूनही लग्नाला जाताना बाटाच घालतात, मी पिशवीत दुसरी घेऊन जाते.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हे संशोधनच. ते नोंदणी केलेल्या चाचणीत करायचं आणि पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबून पाय जायची वेळ आली असेल तर गोष्ट वेगळी. तशा पायासाठी एका भारतीय उत्पादनाला २०२० मध्ये परवानगी मिळालीय, ते रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरला विचारा. आणि माझं ऐकून सरळ प्लास्टर घालू नका. रक्तप्रवाह कमी असेल किंवा आत पू असेल तर प्लास्टरनंच पाय जाईल. पीआरपीनं कोणाचीच जखम भरत नाही असंही मी म्हणत नाही, पण त्याला स्टेम सेल म्हणून विकणं ही लबाडीच.

दादा अजून सांगत फिरतो की इंजेक्शनचाच असर उशिरा आला. यंदा पोळ्याला बैल शेजाऱ्याचे पुजले, तेव्हा मात्र तो घरात नव्हता.