दोन जनरेटर, एक पंप

प्रश्न : श्रीवर्धनला आमची वाडी आहे. २०२०च्या निसर्ग वादळापासून २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर बाळगतो. फ्रिज, पंखे चालतात. १ एचपीचा पंप लावला की ट्रिप. तसाच दुसरा जोडू का?

उत्तर : जोडा की! पण त्याच कंपनीच्या पॅरलल किटनेच, म्हणजे दोन जनरेटर एकत्र जोडायच्या संचानेच. मग दोन्ही मशीनं आपापली फेज (विजेच्या लाटांची लय) जुळवून घेतात. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या जनरेटरवर हा उद्योग नको, जळेल. पंप चालताना किलोवॅटभरच घेतो, सुरू होताना मात्र कित्येक पट करंट ओढतो. तेव्हा इको मोड (लोड कमी असताना इंजिन मंद ठेवणारी सोय) आणि फ्रिज, दोन्ही बंद. तरीही नाही उचलला, तर सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावा.

घराला वीज चेंजओव्हर स्विचमधूनच द्या; तो एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडतो. सॉकेटमध्ये उलटी पिन खुपसून जनरेटरची वीज बाहेरच्या तारांत सोडणारे महाभाग मी पाहिलेत. खांबावरच्या वायरमनने त्यांचं काय घोडं मारलंय, देव जाणे! मशीनं अंगणात ठेवा, पडवीत नव्हे. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.