पावसाळाभर बंद असलेला, विहिरीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप पुन्हा सुरू करताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागरकडे आठ खोल्यांचं निवास, अंघोळीच्या पाण्यासाठी १० किलोवॅटचा तीन फेजचा हीट पंप, उष्णता विहिरीच्या पाण्यातून घेणारा. जूनपासून बंद आहे. दिवाळीची गर्दी तोंडावर आलीय, तंत्रज्ञ मिळत नाही, तर स्वतः चालू करावा का?

करा. फक्त आज नको, उद्या करा.

यंत्र महिनोन्‌महिने गार पडून राहिलं की आतला गॅस (फ्रिजमध्ये असतो तसा, उष्णता वाहून नेणारा) हळूहळू कॉम्प्रेसरच्या तळातल्या तेलात मुरतो. तसंच बटण दाबलं तर तळातला दाब एकदम उतरतो, मुरलेला गॅस उकळून बाहेर येतो आणि तेलाचा फेस होतो. बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. म्हणून तळाशी तेल तापवणारा छोटा हीटर असतो. मेन चालू, पण कंट्रोलर बंद, अशा स्थितीत तो किमान १२ तास, आणि इतक्या दिवसांनी सुरू करताना पूर्ण २४ तास तापू द्यायचा. त्यानंतर मेन बंद करून तळाला हात लावा. वरच्या भागापेक्षा तळ स्पष्ट कोमट लागला पाहिजे. इन्व्हर्टर यंत्रांत पुष्कळदा वेगळा हीटर दिसत नाही, मोटरच्या वाइंडिंगमधूनच थोडा करंट सोडलेला असतो. पण वेळ तेवढाच द्यायचा.

मेन चालू करण्याआधी मात्र पॅनल उघडून बघा. स्विच खाली, शक्य असेल तर त्याला कुलूप, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मीटरने तिन्ही फेज मेलेत याची खात्री करा. आपल्याकडे पावसाळ्यात पॅनलमध्ये काय काय संसार थाटतात ते सांगायला नको: कॉन्टॅक्टरमध्ये (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) मुंग्या, टर्मिनलवर पाल, वायरीवर उंदराचे दात, भोकांत कुंभारीण माशीची मातीची घरं. मुंग्या चिरडल्या गेल्या की कॉन्टॅक्ट नीट बसत नाही, एक फेज अर्धवट मिळतो आणि मोटर जळते. टर्मिनलवर हिरवट गंज दिसला तर तो खाऱ्या हवेचा. घासून साफ करा आणि स्क्रू पुन्हा आवळा. मेगर (इन्सुलेशन मापायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर कॉम्प्रेसर आणि अर्थ यांच्यामध्ये १ मेगोहमच्या वर आकडा हवा. मापताना कंट्रोलरचं कार्ड सोडवून ठेवा, नाहीतर कार्डच जाईल. आकडा कमी आला तर लगेच घाबरू नका. तळ तापल्यावर, मेन पुन्हा बंद करून, परत मापा. तेलात मुरलेल्या गॅसमुळेही तो कमी दिसतो.

व्होल्टेज संध्याकाळी मापा, गावातले सगळे दिवे-पंप चालू असताना. ४१५ च्या दहा टक्के वर-खाली, म्हणजे ३७३ ते ४५६, चालतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन फेजमधली तफावत. ४१०, ४१८, ४०२ असे आकडे आले तर सरासरी ४१०, सर्वांत मोठा फरक ८, म्हणजे जवळजवळ २ टक्के. ही मर्यादा; पुढे गेलं तर यंत्र लावू नका, वायरमनला गाठा.

आता पाणी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक यंत्रं पाण्यामुळेच मरतात. कोकणात बर्फ कसला, असं वाटेल. पण विहिरीचं पाणी ज्या प्लेट एक्स्चेंजरमधून (पातळ प्लेटांच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गॅस) जातं त्यात दोन-एक लिटरच पाणी मावतं, आणि यंत्र त्यातून साडेसात किलोवॅट उष्णता ओढतं. पंप बंद पडून पाणी थांबलं तर २७ अंशांचं ते पाणी हिशेबाने अर्ध्या मिनिटात शून्यावर येतं. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. बर्फ झाला की प्लेट फुटते, पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसरही गेला. हे थांबवायला फ्लो स्विच असतो; पाणी वाहायचं थांबलं की तो यंत्र बंद करतो. लाल चिकट गाळामुळे त्याची पट्टी ‘पाणी आहे’ याच स्थितीत अडकते, हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. म्हणून कॉम्प्रेसर बंद ठेवून विहिरीचा पंप चालू-बंद करा आणि दरवेळी कंट्रोलरवर प्रवाहाची खूण बदलते का ते पाहा. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कुणी वायर जोडून तो शॉर्ट केलेला असेल, तर आधी ती वायर काढा.

त्याआधी गाळणी उघडून धुवा, फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप) सुटलेला नाही ना ते बघा, आणि बाहेर जाणारं पाणी २० लिटरच्या बादलीत धरा. मिनिटाला साधारण २२ लिटर हवेत, म्हणजे बादली ५५ सेकंदांत भरली पाहिजे. प्रवाह कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह एक्स्चेंजरच्या पुढे, बाहेरच्या बाजूला ठेवा. आधी ठेवला तर आतला दाब कमी होतो, पाण्यात विरघळलेला वायू सुटतो आणि जांभ्याच्या विहिरीतलं लोह तिथेच बसायला लागतं. सोडलेलं पाणी थेट पोफळीच्या बागेत जाऊ दे, पुन्हा विहिरीत नको; छोट्या विहिरीत तेच गार पाणी फिरत राहतं.

गरम पाण्याच्या बाजूलाही टाकी भरून हवा काढा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटतं का ते पाहा. त्याच्या तोंडाशी हात नको.

क्रम असा ठेवा: विहिरीचा पंप, मग गरम बाजूचा पंप, दोन्हीकडे प्रवाह नक्की, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर. पहिल्या दहा सेकंदांत कानाने ऐका. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलटा फिरत असेल तर कर्कश खडखडाट होतो, करंट नेहमीपेक्षा कमी, आणि पाणी ना इकडे तापतं ना तिकडे गार होतं. पावसाळ्यात झाड पडून तारा तुटतात, पुन्हा जोडताना फेजचा क्रम बदलतो, तसं इथे झालं असेल. लगेच बंद करा, मेन काढा, कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करा. विहिरीच्या पंपाची दिशाही मग तपासावी लागेल, तेही लक्षात असू द्या.

पंधरा-वीस मिनिटांनी चारही नळ्यांची तापमानं लिहा. मिनिटाचे लिटर गुणिले अंशांतला फरक, भागिले १४.३, की किलोवॅट मिळतात. विहिरीचं पाणी २७ ला आत आणि २२ ला बाहेर असेल तर २२ गुणिले ५ भागिले १४.३, म्हणजे साधारण साडेसात. गरम बाजूला दहाच्या आसपास यायला हवं. दोन्हीतला फरक मीटरवरच्या विजेइतका, इथे अडीच किलोवॅटच्या जवळ, जुळला तर यंत्र ठीक आहे. विहिरीकडचा फरक १० अंशांवर गेला तर पाणी कमी पडतंय. दोन्हीकडे फरक जेमतेम एक अंश असेल तर दोष पाण्याचा नाही, गॅसच्या बाजूचा आहे. लो प्रेशरला ट्रिप झाला तर विहिरीकडे बघा, हाय प्रेशरला झाला तर टाकीकडे. एकदा रीसेट ठीक. पुन्हा ट्रिप झाला तर थांबा. बंद-चालू करताना मध्ये किमान पाच मिनिटं सोडा.

दोन गोष्टी ऑक्टोबरमध्ये फसवतात. जमीन ओली असल्याने अर्थिंगचा आकडा आत्ता छान येतो. एप्रिलमध्ये जांभा कोरडा पडला की तोच खूप वाढतो. आणि खाडी-समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी आत्ता गोड असतं, मे महिन्यात मचूळ होतं. प्लेट स्टीलची असली तरी क्लोराइडने तिला बारीक भोकं पडतात, म्हणून दोन्ही मापं उन्हाळ्यात पुन्हा घ्या. नळाखाली निळसर-हिरवे डाग पडत असतील तर पाणी आम्लधर्मी आहे आणि तांबं विरघळतंय. लाल थर काढायला लादी धुण्याचं अॅसिड कधीच वापरू नका, तेही क्लोराइडच. सायट्रिक अॅसिडचं सौम्य द्रावण फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

गॅसला स्वतः हात लावू नका. तंत्रज्ञ आल्यावर पहिलं काम म्हणून गेज लावायला निघाला तर त्याला ही चार तापमानं आणि बादलीचे सेकंद दाखवा. छोट्या यंत्रात गॅस मोजून भरलेला असतो, दरवेळी गेज लावताना थोडा जातो, आणि पाण्याचा दोष असताना ‘गॅस कमी आहे’ म्हणून वरून भरला तर हाय प्रेशरचं नवीन दुखणं सुरू होतं.