वाचकांचे प्रश्न : गॉथिक कथेतले घर आणि माणूस

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गाला इंग्रजी साहित्य शिकवते. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्या ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ या गॉथिक, म्हणजे जुनी वास्तू आणि गूढ भय यांभोवती फिरणाऱ्या, कथेवर लिहिताना विद्यार्थी ‘वातावरण भीतिदायक आहे’ एवढे एक वाक्य लिहितात आणि मग त्या घराचा मालक रॉडरिक अशर याच्या स्वभावाचे विशेष ओळीने मांडतात. स्थळ आणि पात्र यांचा एकत्र विचार करायला त्यांना कसे शिकवावे?
– एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : यात विद्यार्थ्यांचा दोष थोडाच आहे, ‘स्थळ’ आणि ‘पात्रे’ असे दोन वेगळे मथळे आपणच त्यांना वर्षानुवर्षे देत आलो आहोत. १८३९ सालच्या या कथेत मात्र ती फारकत टिकत नाही, कारण ‘हाउस ऑफ अशर’ हे नाव आसपासचे शेतकरी वास्तूलाही देतात आणि घराण्यालाही. आपणही ‘अमक्याचे घर बुडाले’ म्हणतो, तेव्हा भिंतींविषयी बोलत नसतो. पो यांच्या कथेत तर वंश संपतो त्याच रात्री घर खरोखरच तळ्यात बुडते. वर्गात सुरुवात या मराठी वाक्प्रचारापासून करून पाहा.

त्यानंतर पहिला परिच्छेद सावकाश वाचून घ्या. डोळ्यांसारख्या रिकाम्या खिडक्या पाहून, रॉडरिकला भेटायला आलेला निवेदक अस्वस्थ होतो, दृश्याची मांडणी बदलली तर मनावरचा भार उतरेल असे समजून तळ्याच्या काठाशी घोडा नेतो आणि पाण्यातले उलटे प्रतिबिंब पाहून अधिकच शहारतो. येथे थांबून विचारावे : हे वर्णन घराचे की पाहणाऱ्याचे? माझ्या मते विश्लेषणाचा सगळा अभ्यास या एका प्रश्नात आहे.

आपल्या गावात याचा सराव सहज होतो. सिद्धेश्वर तलावाकाठी नेऊन विद्यार्थ्यांना भुईकोट किल्ल्याच्या तटाचे पाच वाक्यांत वर्णन करायला सांगा, पण भावनावाचक शब्दांना बंदी ठेवा. मग तेच वर्णन, वडिलोपार्जित वाडा विकून नुकत्याच आलेल्या माणसाच्या नजरेतून लिहून घ्या. दोन्ही लेखनांतील क्रियापदे शेजारी ठेवली की फरक त्यांचा त्यांनाच दिसेल. वेळ मुद्दाम भर दुपारची निवडावी. अंधाराशिवायही धास्ती निर्माण होते, हे कळायला बारा वाजताची चिटपाखरू नसलेली वाट पुरेशी आहे. आपल्याकडची जुनी माणसे ती वेळ उगीच टाळत नसत.

रॉडरिककडे वळाल तेव्हा विशेषणे बाजूला ठेवून त्याचे शरीर पाहायला सांगा. मंद उजेडही त्याच्या डोळ्यांना सोसवत नाही, फुलांचा वास गुदमरवतो, अगदी बेचव अन्नच चालते, आणि अनेक वर्षे त्याने घराबाहेर पाऊल टाकलेले नाही. घराच्या दगडांना जाणीव आहे, असे तो स्वतःच मानतो. ‘रॉडरिक भित्रा आहे’ या उत्तराला मी कमी गुण देईन. छतापासून तळ्यापर्यंत नागमोडी उतरणारी, जेमतेम दिसणारी भेग आणि त्याचे ढासळणारे मन यांची सांगड जो कथेतील ओळींच्या आधारे घालील, त्याचे उत्तर चार ओळींचे असले तरी त्याला भरभरून गुण द्यावेत.